वीस बाइटचा बॅकअप: नेक्स्टक्लाउड सांभाळताना या चुका टाळा

पुण्यातल्या एका आर्किटेक्ट ऑफिसचा नेक्स्टक्लाउड (स्वतःच्या सर्व्हरवर फायली ठेवायचं आणि शेअर करायचं सॉफ्टवेअर) सर्व्हर मी सांभाळतो. भाड्याचा व्हीपीएस (होस्टिंग कंपनीकडचा आभासी सर्व्हर), त्यावर चारशे जीबी ड्रॉइंग आणि साइटचे फोटो, मागे मारियाडीबी हा डेटाबेस. बॅकअप रोज व्हायचा, निदान माझी तशी समजूत होती. एकदा सहज बॅकअपचं फोल्डर उघडलं. डेटाबेसच्या डम्पची, म्हणजे फाइलमध्ये उतरवलेल्या पूर्ण प्रतींची, रांग दिसली, नावं बरोबर, तारखा बरोबर, आणि शेवटच्या अकरा दिवसांच्या प्रत्येक फाइलचा आकार २० बाइट.

रिकामी जीझिप (दाबून लहान केलेली) फाइल एवढीच असते. डेटाबेसचा पासवर्ड मीच बदलला होता, स्क्रिप्टमध्ये मात्र जुनाच राहिला होता. डम्प पहिल्याच पायरीवर अडत होता, पण त्याचं आउटपुट पाइपने जीझिपकडे जात होतं आणि शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) अशा वेळी शेवटच्या कमांडचंच यशापयश धरतो. जीझिपने रिकामं पोतं इमानेइतबारे शिवलं, ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या क्रॉनला सगळं आलबेल दिसलं. बॅश स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘पाइपफेल’ चालू करा (मग मधली एक कमांड फसली तरी सगळं फसलं असं धरलं जातं), एवढ्याने हे थांबतं. शिवाय डम्पची शेवटची ओळ तपासा: काम पुरं झालं की डम्प घेणारा मायएसक्यूएलडम्प शेवटी ‘डम्प कम्प्लीटेड’ असं लिहून ठेवतो. ती ओळ नसेल तर डम्प मधेच तुटलाय, फाइल कितीही मोठी दिसो.

मोठ्यांचंही असंच होतं. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका इंजिनिअरकडून चालू डेटाबेसची डिरेक्टरी चुकून पुसली गेली. तेव्हा कळलं की पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ९.६ आवृत्तीवर ९.२ आवृत्तीचं डम्प हत्यार चालत होतं, म्हणजे डम्प होतच नव्हता. फेल झाल्याची मेल जात होती, पण डीमार्कच्या (मेल खरंच त्या पत्त्यावरून आलीय का बघणाऱ्या) तपासणीत ती नाकारली जात होती. शेवटी सुमारे सहा तासांपूर्वी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची जशीच्या तशी प्रत) कामाला आला. म्हणून ‘फेल झालं तर मेल कर’ यावर माझा भरवसा नाही. माझ्याकडे उलटं आहे. रोज ‘झालं, आकार इतका’ असा निरोप येतो, आणि तो आला नाही की मी उठतो.

फायली एका वेळच्या, डेटाबेस दुसऱ्या वेळचा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. नेक्स्टक्लाउडमध्ये फाइल डेटा फोल्डरमध्ये असते, पण ती कोणाला शेअर केलीय, तिच्यावर कोणी काय लिहिलंय, हे सगळं डेटाबेसमध्ये. एस-थ्रीसारखं (अ‍ॅमेझॉनची साठवण सेवा) ऑब्जेक्ट स्टोअरेज मुख्य साठा म्हणून लावलं असेल तर फाइलचं नावसुद्धा डेटाबेसमध्येच; बकेटमध्ये, म्हणजे तिथल्या साठ्यात, नुसते क्रमांक दिसतात. डेटाबेस गेला की बकेटमध्ये हजारो फायली शाबूत असतात आणि त्यातली कुठली कोणती हे कोणालाच सांगता येत नाही.

तेव्हा दोन्ही एकाच क्षणाचे हवेत. मी असं करतो: सर्व्हर चालू असतानाच आरसिंकने (फक्त बदललेलं कॉपी करणारं हत्यार) एकदा फायली ओढून घ्यायच्या, यात वेळ जातो तो जाऊ दे. मग मेंटेनन्स मोड लावायचा (वापरणाऱ्यांना तात्पुरतं बंद), डेटाबेसचा डम्प घ्यायचा, आरसिंक पुन्हा फिरवायचा (आता फक्त मधल्या काळातला फरक असतो), मोड काढायचा. आमच्याकडे हे चार-पाच मिनिटांत उरकतं. तेवढंही बंद ठेवणं जमत नसेल तर आधी डेटाबेस, मग फायली. जास्तीच्या फायली नंतर स्कॅन करून सापडतात. नोंद आहे आणि फाइलच नाही, याला इलाज नाही.

डॉकरवाल्यांनो (म्हणजे सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये चालवणाऱ्यांनो), चालू डेटाबेसचं व्हॉल्यूम (डेटाचं फोल्डर) तसंच कॉपी करू नका. लिहिणं अर्ध्यात असताना घेतलेली ती कॉपी उघडेल की नाही हे नशिबावर. डम्पच घ्या, ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ (सगळा डम्प एकाच क्षणाचा ठेवणारा पर्याय) लावून. ते इनोडीबी या प्रकारच्या टेबलांनाच लागू पडतं हेही लक्षात असू द्या.

कॅरेक्टर सेटही (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) बघा. देवनागरी अक्षराला यूटीएफ-८मध्ये तीन बाइट लागतात, इमोजीला सहसा चार. डम्प घेताना यूटीएफ-८-एमबी-४ (चार बाइटची अक्षरंही घेणारा सेट) सांगितलं नाही तर ‘तळमजला सुधारित’ हे नाव नीट येईल, पण कमेंटमधल्या अंगठ्यांची प्रश्नचिन्हं होऊ शकतात.

आता वेळ. व्हीपीएसचं घड्याळ बहुतेक वेळा यूटीसीवर (भारतापेक्षा साडेपाच तास मागे) असतं. मी क्रॉनमध्ये ‘रात्री दोन’ लिहून मोकळा झालो होतो. ते आपले सकाळचे साडेसात, म्हणजे साइटवरचे सुपरवायझर फोटो चढवतात तीच वेळ. ‘तुमचा सर्व्हर रोज सकाळी रुसतो का हो?’ असं एकाने विचारलं तेव्हा उजेड पडला.

बॅकअप परत बसवला आणि नवं काम पुसलं

ही चूक माहीत नसेल तर बॅकअपनेच घात होतो. समजा, तीन दिवसांपूर्वीचा बॅकअप सर्व्हरवर बसवला. ऑफिसातल्या लॅपटॉपवर ताज्या फायली आहेत. सिंक क्लायंट (लॅपटॉपवरच्या फायली सर्व्हरशी जुळवणारा प्रोग्राम) बघतो की कालची फाइल सर्व्हरवर नाही, म्हणजे कोणीतरी काढून टाकली, चला, इथूनही काढू. सर्व्हरवर जुनी आवृत्ती असेल तर ती नव्यावर चढते. क्लायंट जोडले जाण्याआधी ओसीसी या नेक्स्टक्लाउडच्या कमांड-हत्याराची ‘डेटा-फिंगरप्रिंट’ कमांड चालवा. त्यावरून क्लायंटला कळतं की सर्व्हर बॅकअपमधून उठलाय, आणि तो लॅपटॉपवरची नवी फाइल घालवत नाही, कॉन्फ्लिक्टची वेगळी प्रत करून ठेवतो. एकच कमांड, पण ती आठवायला हवी त्या क्षणी डोकं ठिकाणावर नसतं. छापून भिंतीला लावा.

होस्टिंगवाल्याचा स्नॅपशॉट घ्या, वाईट काही नाही, पण तो त्याच खात्यात राहतो. रिझर्व्ह बँकेचे कार्डावरच्या आपोआप पेमेंटचे नियम १ ऑक्टोबर २०२१पासून लागू झाले, तेव्हा परदेशी होस्टची बिलं अडकलेले बरेच जण मला माहीत आहेत. खातं गोठलं की सर्व्हर आणि स्नॅपशॉट दोन्ही कुलपात. आणि १० मार्च २०२१ला स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएचचं डेटासेंटर जळालं, त्यात ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचे दोन्ही गेले. एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या शहरात हवीच. तीही अशी, की सर्व्हरवरच्या किल्लीने पुसता येऊ नये, कारण सर्व्हरमध्ये घुसणारा आधी बॅकअपच शोधतो.

रेस्टिक किंवा बोर्ग (पासवर्डने कुलूपबंद बॅकअप घेणारी हत्यारं) वापरत असाल तर त्याचा पासवर्ड सर्व्हरबाहेर कागदावर ठेवा. कॉन्फिग फाइल विसरू नका. तिच्यातलं ‘सीक्रेट’ नसेल तर बाहेरच्या स्टोअरेजचे साठवलेले पासवर्ड उलगडत नाहीत. नेक्स्टक्लाउडची आवृत्तीही लिहून ठेवा. बॅकअप त्याच आवृत्तीवर बसवायचा असतो. मागे जाता येत नाही आणि पुढे एका वेळी एकच मोठी आवृत्ती चढता येते.

राहिली तालीम. दर तीन महिन्यांनी तासावर एक मशीन भाड्याने घेतो, त्यावर सगळं उभं करतो आणि ऑफिसातल्या कोणाला तरी मागच्या महिन्यातली फाइल उघडायला सांगतो. पहिल्या तालमीआधी सरांनी विचारलं होतं, ‘सर्व्हर गेला तर किती वेळात परत?’ मी छातीठोकपणे म्हणालो, ‘तासाभरात.’ चारशे जीबी, शंभर एमबीपीएसची लाइन. पूर्ण वेगाने ओढलं तरी नऊ तास. सर बराच वेळ आकड्याकडे बघत बसले, मग म्हणाले, ‘म्हणजे एक अख्खा दिवस.’ दुसऱ्या आठवड्यात ऑफिसात एक नॅस (नेटवर्कला जोडलेली साठवणपेटी) आलं. रोजच्या फायलींची प्रत तिथे उतरते, नुसती वाचायला. सर्व्हर उभा राहीपर्यंत ड्रॉइंग तिथून उघडायची.