वाईन टेस्टिंगला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचून जा

आपल्याकडे ज्या दुकानावर 'वाईन शॉप' अशी पाटी असते तिथे वाईन सोडून सगळं मिळतं, हे काय वेगळं सांगायला नको. पुढे जाळीचा काउंटर, फ्रिजमध्ये बिअर, मागे क्वार्टरच्या रांगा आणि एकदम वरच्या फळीवर चार-सहा वाईनच्या बाटल्या धूळ खात पडलेल्या. त्यामुळे आमच्या जळगावातल्या दुकानवाल्या भाऊंनी जेव्हा सांगितलं की शनिवारी संध्याकाळी वाईन टेस्टिंग ठेवलंय, या, तेव्हा मला वाटलं कंपनी फुकट पाजतेय, चला. तसं नसतं भो. आतापर्यंत तीनदा जाऊन आलो, पहिल्यांदा पार माती खाल्ली, म्हणून लिहितोय.

आधी जागा नीट विचारून घ्या. वाईन शॉपला सीलबंद बाटली विकायचं लायसन असतं, तिथे बसून प्यायला परवानगी नसते, त्यामुळे आमंत्रण दुकानदाराचं असलं तरी कार्यक्रम बहुतेक एखाद्या परमिट रूमच्या हॉलमध्ये असतो. मी पहिल्यांदा दुकानाच्या शटरसमोर वीस मिनिटं उभा होतो. वाईनसाठी आपल्या राज्यात वय 21 पूर्ण लागतं, चेहरा कोवळा असेल तर आधार खिशात ठेवा. पैसे घेणार असतील तर नंतर बाटली घेतल्यावर ते वळते करणार का, हेही आधीच विचारा, तिथे गेल्यावर लाज वाटते.

आता तयारी. त्या दिवशी दुपारनंतर पुडी, तंबाखू, पान बंद. सेंट, अत्तर मारून जाऊ नका, तुमचं तर जाऊच द्या, शेजारच्यालाही ग्लासातला वास येत नाही. आणि जेवून जा, रिकाम्या पोटी वाईन लवकर चढते, पण जेवण फिकं हवं, खिचडी किंवा वरण-भात. मी काळ्या मसाल्याची शेवभाजी हाणून गेलो होतो, तर्रीसकट, आणि पहिले दोन ग्लास मला नुसतं गरम पाणी प्यायल्यासारखे लागले, जीभच बधिर. बाकीचे मान डोलावताहेत आणि मी पाण्याचा जग शोधतोय.

ग्लासात फक्त 30 मिली वगैरे ओततात. आपल्याला पेगची सवय, वाटतं चेष्टा चाललीये. पण हिशोब करा, सहा प्रकार चाखायचे म्हटले तरी 180 मिली झालं, आणि वाईनमध्ये साधारण 12 ते 14 टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे बिअरच्या मापाने पीत सुटलात तर शेवटच्या रेडपर्यंत पोचतच नाही. ग्लास दांडीला धरा, पोटाला धरला की हाताच्या गरमीने वाईन कोमट होते. थोडा गोल फिरवायचा, नाक आत घालायचं, मग छोटा घोट, तोंडभर फिरवायचा आणि गिळायचा किंवा थुंकायचा. हो, थुंकायचा, त्यासाठी टेबलावर भांडं ठेवलेलं असतं आणि त्यात कुणी वाईट वाटून घेत नाही. खरं तर आपल्याकडच्या लोकांना हे सगळ्यात आधी जमायला हवं, पण एरवी रस्त्यावर बिनधास्त थुंकणारे इथे भांडं बघून लाजतात.

वासाचं मात्र सविस्तर सांगतो, कारण सगळी मजा तिथे आहे आणि तिथेच लोक घाबरतात. ओतणारा माणूस सांगतो की यात ब्लॅककरंट आहे, गूजबेरी आहे. ही फळं आपण कधी बघितलीत तरी का? दुसऱ्या वेळी माझ्या शेजारी यावलकडचे एक केळीवाले काका होते, त्यांनी एका पांढऱ्या वाईनचा वास घेतला आणि जोरात म्हणाले, 'केळी पिकत घातल्यावर खोलीत येतो तो वास हाय ना भो!' सगळे हसले. ओतणारा हसला नाही. तो म्हणाला, काका बरोबर बोलताहेत, द्राक्षाचा रस थंड ठेवून आंबवला की यीस्ट आयसोअमाइल अॅसिटेट नावाचं एक द्रव्य बनवतं आणि पिकलेल्या केळीला वास त्याच द्रव्याचा असतो. म्हणजे द्राक्षं नाशिकची, ग्लास इटलीचा आणि वास यावलच्या केळीचा. त्यानंतर काकांनी जे जे सांगितलं ते सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं.

तर तुम्हाला जे आठवतं तेच बोला. सोव्हिन्यॉ ब्लाँ ही पांढरी वाईन असेल तर पेरू, कापलेली ढोबळी मिरची, ओलं गवत यातलं काहीतरी सापडेल. शिराझ या रेडमध्ये काळी मिरी बघा, ती भास नसते, मिरीतलंच रोटंडोन नावाचं द्रव्य त्या द्राक्षातही असतं. आणि ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास आला तर बाटलीचं बूच खराब असू शकतं, सांगून टाका, दुसरी उघडतील.

चवीत आंबट आणि गोड लगेच कळतं, अडकतो तो तुरटपणा. रेड वाईनच्या घोटाने हिरड्या ओढल्यासारख्या होतात ते टॅनिन, द्राक्षाच्या साली-बियांमधून येतं. कच्चं केळं दाताने सोलायचा प्रयत्न केलाय कधी लहानपणी? तोंडाला जी मिठी बसते ना, अगदी तेच, तिथेही टॅनिनच. फक्त वाईनमध्ये ते हवंहवंसं वाटायला दोन-तीन संध्याकाळी जाव्या लागतात.

क्रम ते लावतातच, बुडबुड्यांची, मग पांढरी, रोझे म्हणजे गुलाबी, रेड, गोड वाईन शेवटी. मित्र उशिरा आला म्हणून त्याच्यासोबत मागे जाऊन पुन्हा पांढरी घेऊ नका, रेडनंतर ती पाणी वाटते.

विचारायचंच असेल तर एक प्रश्न नक्की विचारा, ही बाटली उन्हाळ्यात कुठे ठेवली होती? रेड वाईन रूम टेंपरेचरला प्या असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते रूम थंड देशातलं, 16 ते 18 डिग्रीचं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. एका दुकानातून मी काचेच्या शोकेसमधली रेड आणली होती, बूच जरासं वर आलेलं, चव मनुके उकळून ठेवल्यासारखी, वर आंबट. उन्हात शिजलेली वाईन परत नीट होत नाही. त्यामुळे बूच फुगलेलं असेल, गळल्याचा डाग असेल तर कितीही डिस्काउंट असो, सोडा. रेडही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवूनच उघडा. लेबलवरचं साल म्हणजे द्राक्षं तोडली ते वर्ष, आपल्याकडे तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. पांढरी आणि रोझे शक्यतो ताज्या सालाची घ्या, जुनी तेवढी भारी हा हिशोब तिथे चालत नाही.

चकणा साधा असतो, पाव, बिस्किटं, चीज, त्याने जीभ स्वच्छ होते. शेंगदाणे-कांदा मागू नका, मी मागितला होता. घरी शेवभाजीसोबत काय चालेल असं मी विचारलं तर थंडगार, किंचित गोड शनँ ब्लाँ ही पांढरी वाईन सांगितली आणि खरंच जमली, तुरट रेडने तिखट अजून चढतं. भरताला मात्र मला शिराझच आवडते, भाजलेल्या वांग्याचा धूर आणि ती मिरी, कळण्याची भाकरी, बास.

गाडी नेऊ नका. रक्तात अल्कोहोल 100 मिलीला 30 मिलीग्रॅमच्या वर गेलं की केस होते, आणि थुंकलं तरी थोडं पोटात जातंच. रिक्षा सांगून ठेवा.

उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवली तर दोन-तीन दिवस टिकते. फक्त लेबल पुढे ठेवा. आमच्याकडे मामा आले, फ्रिज उघडला, 'हाई काय शे रे भो, जांभूळना रस शे का?' आणि मी बाहेर येईपर्यंत फुलपात्र अर्धं झालं होतं.