पुन्हा वाढणाऱ्या जंगलाचा कार्बन उपग्रहावरून मोजताना या चुका टाळा

ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉनमध्ये गुरांसाठी साफ केलेली जमीन ओस पडली, की थोड्याच वर्षांत तिथे रान माजतं. उपग्रहाच्या चित्रात ते जुन्या जंगलाइतकंच गर्द दिसतं. अडचण अशी, की एनडीव्हीआयसारखा निर्देशांक पानांचा हिरवेपणा टिपतो, खोडं नाही. पानांचा पडदा लवकर दाट होतो. खोडात कार्बन पुढे कित्येक दशकं साठत राहतो. म्हणून ‘एनडीव्हीआय स्थिरावला, म्हणजे वाढ थांबली’ असा निष्कर्ष कधीच काढू नका.

रडारलाही मर्यादा आहेच. युरोपच्या सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाचा सी-बँड, म्हणजे आखूड लहरी, मुख्यतः पानं आणि बारीक फांद्यांवरूनच परततो. त्याहून लांब लहरींचा एल-बँड आत शिरतो, पण हेक्टरी साधारण १०० ते १५० टन जैवभारानंतर (जैवभार म्हणजे झाडांचं सुकं वजन) त्याचाही आलेख सपाट होतो. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून सोडलेला, एल-बँड रडार असलेला निसार उपग्रह म्हणूनच कोवळ्या रानासाठी जास्त कामाचा. दाट जंगलासाठी युरोपच्या ‘बायोमास’ उपग्रहाचा आणखी लांब लहरींचा पी-बँड बघा.

सगळ्यात महागात पडते ती वयाची चूक. वाढीचा वेग म्हणजे जैवभार भागिले वय, त्यामुळे वय चुकलं की पुढचं सगळं चुकतं. मॅपबायोमास या ब्राझीलच्या जमीन-वापर नकाशा प्रकल्पाचे, लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांवर आधारलेले ३० मीटरचे नकाशे १९८५ पासून सुरू होतात. त्याआधी तुटून पुन्हा वाढलेलं रान त्यात सरळ मूळ जंगल म्हणून जातं. उलटही घडतं: एखाद्या वर्षी ढगांमुळे मूळ जंगलाचा पिक्सेल (नकाशातला एक चौकोन) ‘कुरण’ ठरतो, पुढच्या वर्षी परत ‘जंगल’. हिशेबात ते एक वर्षाचं रान होतं, आणि त्यावर दिसतो शेकडो टन जैवभार! उपाय सोपा आहे. सलग दोन-तीन वर्षं कुरण आणि नंतर सलग काही वर्षं जंगल दिसलं, तरच तो पिक्सेल धरा. मध्ये पुन्हा तोड झाली असेल तर वय शून्यापासून मोजा. अ‍ॅमेझॉनमध्ये असं कोवळं रान वारंवार तोडलं जातं, त्यामुळे हा अपवाद समजू नका.

उंचीवर आंधळा विश्वास नको. अवकाश स्थानकावरचं गेडी हे उपकरण लेझरने २५ मीटर व्यासाच्या ठिपक्यातली झाडांची उंची देतं, आणि ती उत्तम असते. पण अ‍ॅमेझॉनमधल्या मानौस शहराच्या उत्तरेला काय दिसतं बघा. नुसत्या तोडलेल्या जमिनीवर सेक्रोपिया हा वृक्ष उगवतो: हलकं लाकूड, आतून पोकळ खोड. वारंवार जाळलेल्या कुरणावर विस्मिया हे झाड फुटतं, त्याचं लाकूड त्या मानाने जड. उंची सारखी असली तरी जैवभार वेगळा. जमिनीचा आगीचा इतिहास नकाशात जोडल्याशिवाय सगळीकडे एकच समीकरण लावणं मला तरी पटत नाही.

लागवडही वेगळी काढा. निलगिरीची रांग उपग्रहाला जंगलच वाटते. आपल्याकडे तर वनाच्छादनाच्या अधिकृत व्याख्येतच एक हेक्टरपेक्षा मोठी, दहा टक्क्यांहून जास्त छत्र असलेली बाग बसते, मग ती कोकणातली आंबा-काजूची का असेना. तो आकडा नैसर्गिक पुनर्वाढीचा म्हणून वापरू नका.

एककं तपासा. लॅटिन अमेरिकेतल्या ४५ ठिकाणांच्या २०१६ सालच्या अभ्यासात २० वर्षांच्या रानात हेक्टरी सरासरी १२२ टन जैवभार आढळला. म्हणजे वर्षाला ६.१ टन जैवभार, ३.०५ टन कार्बन (जैवभाराच्या निम्मा) किंवा सुमारे ११.२ टन कार्बन डायऑक्साइड. तिन्ही आकडे एकाच रानाचे! आणि ही सरासरी आहे. त्याच अभ्यासात वेगवेगळ्या ठिकाणी २० वर्षांचा जैवभार २० टनांपासून २२५ टनांपर्यंत होता. पावसाचं प्रमाण न बघता सरासरी दुसरीकडे चिकटवू नका.

शेवटी वजाबाकी. वेगवेगळ्या उपग्रहांवरून बनवलेले दोन वर्षांचे नकाशे वजा केले, तर हाती येणारा फरक बऱ्याचदा जंगलाचा नसून उपकरणांचा असतो. आधी दोन्ही नकाशे न तोडलेल्या जुन्या जंगलावर लावून बघा. तिथेही मोठी ‘वाढ’ दिसली, तर पुनर्वाढीचा आकडा जाहीर करू नका.