तीर्थनला निघण्याआधी: गढूळ पाण्यासाठी रंगांची तयारी

नागपूरच्या मे महिन्यातून पळ काढून हिमाचलात ट्राउट माशाच्या मागे जाणार असाल, तर एक गोष्ट धरूनच चाला. तीर्थन किंवा सैंज नदी फोटोत दिसते तशी काचेसारखी मिळेलच असं नाही. वर बर्फ वितळत असतं, पाण्यात बारीक गाळ असतो आणि एखादी जोराची सर आली की तासाभरात नदीचा रंग बदलतो. म्हणून नकली आमिषांचा डबा भरताना आधी गढूळ पाण्याचा विचार करा.

परवान्याची चौकशी सगळ्यात आधी. तिकडे ट्राउटच्या पाण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद असते. एरवी मत्स्य विभागाचा परवाना लागतो. त्यावरच्या अटी नीट वाचा.

आता डबा उघडा आणि निळी-जांभळी आमिषं बाजूला काढा, ती घरीच राहू द्या. गाळाचे कण निळा प्रकाश आधी अडवतात. पिवळा, पोपटी, नारिंगी त्यातून जास्त लांब जातो. लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी नाहीसा होतो असं कुणीतरी हमखास सांगतं. ते खोल आणि स्वच्छ पाण्यात खरं आहे, पण इथे आपण गुडघा-कमरेएवढ्या पाण्यात गळ टाकणार. स्पिनरचं, म्हणजे ओढलं की पातं फिरतं त्या धातूच्या आमिषाचं, पातं चंदेरीऐवजी सोनेरी किंवा तांब्याचं घ्या, मळक्या उजेडात ते जास्त उठून दिसतं. नारिंगी मात्र संत्र्याच्या सालीचा नको, रस्त्यावर काम करणाऱ्यांच्या जॅकेटचा हवा.

तो भडक रंग खरंच फ्लुरोसंट आहे का, हे बघायला नोटा तपासायचा जांभळा दिवा पुरतो. ओळखीच्या दुकानदाराकडे दोन मिनिटं मागून घ्या. अस्सल असेल तर त्याखाली पेटल्यासारखा दिसतो, नुसताच भडक असेल तर मंद पडतो. नवीन माल घ्यायची गरज नाही. सीताबर्डीत मिळणारं निऑन नेलपॉलिश जुन्या पात्याच्या आतल्या बाजूला दोन हात लावलं की काम भागतं. फक्त हा रंग उजेडावर चालतो, संध्याकाळ झाली की त्याचा जोर ओसरतो.

तेव्हासाठी काळा. यावर लोकांचा विश्वास बसत नाही, पण माझ्या मते गढूळ पाण्यात सगळ्यात कमी वापरला जाणारा आणि सगळ्यात कामाचा रंग हाच. मासा खालून वर बघतो, मागे आभाळाचा उजेड असतो, त्यावर काळी आकृती ठळक दिसते. एका पात्याला पर्मनंट मार्करने काळं फासा, झालं.

निघायच्या आधी बादलीत परीक्षा घ्या. आपली काळी माती नको, तिचं पाणी फार गडद होतं. तिकडच्या राखी गाळासाठी चिमूट-चिमूट मुलतानी माती ढवळत जा. एकेक आमिष तंगुसाला बांधून खाली सोडा आणि कोणतं किती बोटांवर दिसेनासं होतं ते बघा. हे उन्हात एकदा आणि दिवेलागणीला एकदा करा, क्रम बदललेला दिसेल.

आकारही एक-दोन नंबर वाढवा. एकऐवजी दोन किंवा तीन नंबरचा स्पिनर घ्या. दिसत नसेल तेव्हा ट्राउट पात्याची थरथर अंगाच्या बाजूच्या रेषेने टिपतो, आणि मोठं पातं पाणी जास्त हलवतं. सोनेरी-नारिंगी, पोपटी आणि काळा, प्रत्येकी दोन आकारांत, एवढं भरपूर झालं. सोबत एक साधा तपकिरी ठेवा, कारण रात्रीच्या थंडीत बर्फ वितळणं मंदावतं आणि सकाळी लवकर पाणी बरंच निवळलेलं असू शकतं. दुपारनंतर गाळ वाढला की आमिष बदला.

रबरी आमिषं असतील तर स्टेशनला जाईपर्यंत गाडीच्या डिकीत ठेवू नका बाप्पा, आपल्याकडच्या उन्हात ती लिबलिबीत होतात आणि एकाचा रंग दुसऱ्याला लागतो. प्रत्येक रंगाची पिशवी वेगळी करा.

खिशात एक पक्कडही असू द्या, गळाचा उलटा काटा दाबून सपाट करायला. आणि पाणी गढूळ असेल तर मधल्या धारेत लांब फेकत बसू नका. मासा काठाशी, दगडाच्या आडोशाला येतो. तिथेच जवळून, पातं जेमतेम फिरेल इतकं सावकाश ओढा.