विमान तासावर देताना: दर आणि बुकिंगच्या या चुका टाळा

जेसीबी असो की द्राक्षबागेत फवारणीचा ब्लोअर, नाशिक जिल्ह्यात भाड्याने यंत्र आणणाऱ्याचे दोन प्रश्न ठरलेले असतात. डिझेल तुमचं की आमचं? आणि मीटर कुठून धरायचा? मी हिशेबाचं काम करतो. ट्रान्सपोर्टवाले, पोकलेनवाले ही माझी नेहमीची मंडळी. काही वर्षांपूर्वी एका फ्लाइंग क्लबचं दरपत्रक आणि बुकिंगची पद्धत बसवून द्यायचं काम आलं, तेव्हा याच दोन प्रश्नांपासून सुरुवात केली आणि ते बरोबरच निघालं. पण एक गोष्ट मला तिथे नव्याने कळली. पोकलेनचा ऑपरेटर दर विसरून खोदत बसतो. विमानातला माणूस मात्र दर डोक्यात घेऊनच उडतो. मीटर पळतोय, उशीर झाला तर दंड, आज रद्द केलं तर पैसे बुडाले, हे त्याला वर असतानाही आठवत असतं. म्हणून प्रत्येक नियम लिहिताना मी आधी एवढंच बघतो, की यामुळे वैमानिक घाई तर करणार नाही ना.

दराकडे वळण्याआधी परवानगीचं बघून घ्या. खासगी वापरासाठी नोंदलेलं विमान पैसे घेऊन दुसऱ्याला देता येत नाही. प्रवासी न्यायचे तर नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटरचा, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाशिवाय विमान चालवणाऱ्याचा, परवाना लागतो, शिकवायचं तर डीजीसीएची (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाची) प्रशिक्षण संस्था म्हणून मान्यता लागते. 'मित्रच आहे, तासाचे पैसे देतो' असं म्हणून विमान दिलं आणि काही झालं, तर विमा कंपनी हात वर करण्याचीच शक्यता जास्त. करारनामाही एकदा काढून वाचा. बऱ्याच जुन्या मसुद्यांत अजून १९३४ च्या विमान कायद्याचा उल्लेख असतो. त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम २०२४ आला आहे आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे.

१.२० म्हणजे १.२ नव्हे

सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त भांडणं या एका चुकीत जातात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

त्या क्लबमध्ये पहिल्याच आठवड्यात एक रजिस्टर माझ्यासमोर आलं. हिरव्या पुठ्ठ्याचं, निळ्या बॉलपेनने भरलेलं. 'वेळ' या रकान्यात ओळीने १.२०, ०.५०, १.३, १.०५ असे आकडे. १.२० लिहिणाऱ्याच्या मनात होतं एक तास वीस मिनिटं. १.३ लिहिणाऱ्याने विमानातल्या मीटरवरचा आकडा जसाच्या तसा उतरवला होता, म्हणजे एक तास आणि तासाचे तीन दशांश, अर्थात एक तास अठरा मिनिटं. एक्सेलला यातलं काहीच कळत नव्हतं. ते सगळ्याला सरळ दराने गुणत होतं.

तासाला १२,००० रुपये दर धरा. एक तास वीस मिनिटं म्हणजे १.३३ तास. ते १.२ धरलं तर आठ मिनिटं गेली, म्हणजे एका सॉर्टीमागे (एका उड्डाणामागे) १,६०० रुपये. पन्नास मिनिटं ०.५० लिहिली तर वीस मिनिटं बुडाली, ४,००० रुपये. उलट बाजूने, मीटरवरचे १.३ कुणी दीड तास समजून बिल केलं तर विद्यार्थ्याकडून २,४०० रुपये जास्त घेतले. यात कुणीही खोटं वागलेलं नव्हतं. तरी महिनाअखेरीला एका मुलाचे वडील फोनवर म्हणाले, "साहेब, पोराच्या लॉगबुकात वेगळे तास आणि तुमच्या बिलात वेगळे, हे कसं?" बरोबर विचारत होते ते. त्यांनी मुलासाठी कर्ज काढलं होतं.

उपाय सोपा आहे. बिलाचा रकाना एकच ठेवा आणि तो दशांशात ठेवा: ०.१ म्हणजे सहा मिनिटं. उड्डाणाआधीचा आणि नंतरचा मीटरचा आकडा लिहायचा, वजाबाकी सॉफ्टवेअर करेल. लॉगबुकासाठी तास आणि मिनिटं वेगळ्या रकान्यात, मध्ये टिंब न देता विसर्गासारखं चिन्ह (:) देऊन. जमलं तर मीटरचा फोटो जोडणं सक्तीचं करा. आमच्याकडे वाद जवळपास मिटले ते फोटोमुळेच.

कोणता मीटर?

बहुतेक छोट्या विमानांत दोन मीटर असतात. हॉब्स मीटर घड्याळासारखा चालतो. बहुतेक विमानांत इंजिनाला तेलाचा दाब आला की सुरू आणि इंजिन बंद झालं की बंद. टॅको मात्र इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. ठरावीक फेऱ्यांवर तो खऱ्या तासाएवढा तास मोजतो, जमिनीवर मंद गतीने इंजिन चालू असताना हळू मोजतो. एकाच उड्डाणात हॉब्स १.३ आणि टॅको १.१ दाखवतो, यात बिघाड काही नाही.

चूक होते ती अशी, की दुरुस्तीचा हिशेब टॅकोच्या तासांवर, बिल हॉब्सवर, आणि दर ठरवताना कोणता तास धरला हे कुणाच्याच लक्षात नाही. एकच मीटर पक्का करा, दरपत्रकाच्या पहिल्या ओळीत लिहा आणि सगळे खर्च त्याच तासावर काढा. टॅकोवर बिल करणार असाल तर जमिनीवरचं इंधन वसूल व्हावं इतपत दर वाढवून घ्या.

माझं मत विचाराल तर विद्यार्थ्यांसाठी टॅकोच बरा. हॉब्सवर बिल असलं की धावपट्टीच्या तोंडाशी थांबून इंजिनाची तपासणी करणाऱ्या मुलाला प्रत्येक मिनिटाचे पैसे दिसतात. नाशिकजवळच्या ओझरचं विमानतळ एचएएलचं, म्हणजे सरकारी विमान कारखान्याचं. तिथे कारखान्याची आणि लष्करी विमानं, प्रवासी विमानं, सगळी एकाच धावपट्टीवर. अशा ठिकाणी दुसऱ्या विमानासाठी दहा मिनिटं उभं राहावं लागलं तर त्यात मुलाचा काय दोष? हॉब्सच वापरायचा असेल तर जमिनीवरचे पहिले ०.२ तास बिलातून सोडून द्या. ती दहा-बारा मिनिटं चेकलिस्ट नीट वाचण्यासाठी असतात.

पावसाळा विसरून काढलेला दर

विमा, हँगरचं भाडं, कर्जाचा हप्ता, पगार हे विमान उडो न उडो द्यावेच लागतात. ते वर्षाच्या तासांनी भागायचे, इथपर्यंत सगळे येतात. पण तास धरताना मन मोठं होतं. समजा असा खर्च वर्षाला २४ लाख आहे आणि तुम्ही ६०० तास धरले, तर तासाला ४,००० रुपये बसले. प्रत्यक्षात ४०० तासच उडालात तर खरा खर्च तासाला ६,००० होता, आणि वर्षअखेरीस आठ लाखांचं भगदाड.

आपल्याकडे तास कमी पडतात ते जून ते सप्टेंबर. नियंत्रित हद्दीत नजरेने उडायचं तर पाच किलोमीटर दृश्यमानता आणि ढगांचा तळ १,५०० फुटांवर हवा. इगतपुरीकडून ढग सरकत आले आणि रामशेज किल्ला दिसेनासा झाला, की त्या दिवसाच्या पाच-सहा सॉर्ट्या गेल्याच. म्हणून आधी आठ महिन्यांचे तास मोजा. पावसाळ्यात मिळतील ते वरचे समजा. त्या दिवसांत दर थोडा कमी ठेवून विमान उडतं ठेवणं मात्र फायद्याचं असतं, कारण नुसतं उभं राहिलेलं इंजिन आतून गंजतं.

इंजिनाच्या ओव्हरहॉलची, म्हणजे ते पूर्ण उघडून नव्यासारखं करण्याची, रक्कम तासातासाला बाजूला पडायला हवी. सेस्ना १७२ या छोट्या विमानातल्या लायकॉमिंग इंजिनांना साधारण २,००० तास किंवा १२ वर्षं, यातलं जे आधी येईल ते, अशी मुदत असते. ओव्हरहॉलला ३० लाख धरले तर तासाला १,५०० रुपये. ते वेगळ्या खात्यात टाका. चालू खात्यात राहिलेले पैसे पगारात जातात, हे मी ट्रकवाल्यांच्या बाबतीतही पाहिलं आहे.

इंधन

दर इंधनासह असेल तर त्यात इंधनाचा कोणता भाव धरला ते लिहा आणि भाव ठरावीक टक्क्यांनी हलला की दर आपोआप बदलेल असं कलम घाला. सेस्ना १७२ तासाला साधारण ३२ ते ३५ लिटर पिते, सेस्ना १५२ बावीस-पंचवीस. सगळ्यांना एकच सरासरी लावू नका. बाहेरगावी इंधन भरलं तर पावती पूर्ण परत मिळणार की आपल्या भावाएवढीच, हेही आधीच ठरवा. माझा सल्ला पूर्ण परत करण्याचा आहे. फरकाचे पैसे वाचवायला कुणी कमी इंधनावर परत निघू नये.

सॉफ्टवेअरमध्ये इंधनाचा प्रकार विमानागणिक वेगळा भरा. सेस्नाला निळ्या रंगाचं एव्हगॅस १०० एलएल हे विमानाचं पेट्रोल लागतं, तर डायमंड डीए-४० एनजी हे विमान एटीएफवर, म्हणजे जेटच्या इंधनावर चालतं. ही नोंद चुकली तर प्रकरण बिलापुरतं राहत नाही.

स्लॉट एका तासाचा नसतो

एका तासाच्या उड्डाणाला ब्रीफिंग, बाहेरून तपासणी, इंधन, टॅक्सी (विमान जमिनीवरून धावपट्टीपर्यंत नेणं) आणि परत आल्यावर बांधणं धरून दोन तास लागतात. एका तासाचे स्लॉट लावले की दुपारपर्यंत सगळं दोन तास मागे पडतं आणि शेवटच्या मुलाला संध्याकाळच्या अंधुक उजेडात उडावं लागतं. शेवटचा स्लॉट सूर्यास्ताशी जोडा. नाशिकला तो डिसेंबरात सहाच्या आसपास, तर जूनअखेरीस सव्वासातच्या आसपास असतो. वर्षभर 'सहा वाजता बंद' असा नियम एकदा धोक्याचा ठरतो, एकदा तोट्याचा.

घड्याळाची आणखी एक गंमत नसलेली भानगड आहे. नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना), हवामान, विमानतळाच्या वेळा हे सगळं यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत येतं, आपण साडेपाच तास पुढे. बाहेरून घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये वेळेचं क्षेत्र न बदलता काम सुरू केलं, तर पहाटे साडेपाचच्या आधीचं बुकिंग आदल्या तारखेला जाऊन बसतं. २०२७ च्या सिंहस्थात गर्दीच्या दिवसांत हवाई हद्दीवर निर्बंध येऊ शकतात. नोटॅममुळे रद्द झालेलं बुकिंग वेगळ्या कारणाखाली, विनाशुल्क, अशी सोय आतापासून ठेवा.

पुढच्या तपासणीला ३.२ तास उरलेल्या विमानाचं सहा तासांचं क्रॉस-कंट्री (दूरच्या गावी जाण्याचं) बुकिंग यंत्रणेने घेताच कामा नये. वैमानिकाचं मेडिकल (तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र) किंवा लायसन्स संपलं असेल, विम्यात लिहिलेले अनुभवाचे किमान तास भरत नसतील, तरीही नाही. रविवार सकाळ आधीच अडवून ठेवणारे काही जण असतात. एका माणसाची पुढची तीनच बुकिंगं चालतील असं केलं की प्रतीक्षायादी हलते.

रद्द करण्याचा दंड

त्या क्लबच्या जुन्या नियमात होतं: उशिरा परतल्यास दर अर्ध्या तासाला दंड, आणि ऐनवेळी रद्द केल्यास स्लॉटचे अर्धे पैसे. कारण विचारायची सोयच नव्हती. जानेवारीतल्या एका सकाळी एक मुलगा धुक्यासारख्या धुरकट हवेत परत आला. उतरल्यावर हेल्मेटसारखा गच्च धरलेला हेडसेट त्याने टेबलावर ठेवला, तेव्हा हात थरथरत होते. सीएफआय (मुख्य उड्डाण प्रशिक्षक) सरांनी विचारलं, "थांबला का नाहीस तिकडेच?" तो म्हणाला, "सर, पुढचा स्लॉट होता. दंड बसला असता." दंड होता ७५० रुपये.

त्याच दिवशी नियम बदलला. हवामान, विमानातला बिघाड, स्वतःची तब्येत, यांपैकी कोणत्याही कारणाने रद्द केलं तर शून्य, आणि वैमानिकाने सांगितलेलं कारण कुणी तपासायचं नाही. हवामानामुळे बाहेर मुक्काम पडला तर विमान बाहेर ठेवल्याबद्दल त्या दिवसाचे जे किमान तास बिलात धरतात तेही माफ. दंड फक्त न कळवता गैरहजर राहणाऱ्याला. सवलतीचा गैरफायदा घेतील अशी भीती संचालकांना होती. कुणी घेतलाच तर महिन्याकाठी एक-दोन स्लॉट जातील, आणि ते गेलेले परवडतात.

आगाऊ भरलेल्या तासांबद्दल मला फार पोटतिडकीने सांगायचं आहे. पन्नास तासांचे पैसे आज आले म्हणजे उत्पन्न झालं असं नाही. ते देणं आहे. उडालेल्या तासांपुरतंच उत्पन्नात घ्या, बाकी वेगळ्या खात्यात ठेवा, आणि परताव्याची मुदत छापून द्या. या पैशांत कुणाच्या घरची जमीन गहाण असते. जीएसटीसाठीही प्रशिक्षण आणि बाकीचा वापर वेगळा दाखवा. डीजीसीए-मान्य संस्थांच्या मान्यताप्राप्त उड्डाण अभ्यासक्रमांना सूट असल्याचं सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेत स्पष्ट झालं, पण इतर भाडं त्याच बिलात मिसळलं तर निस्तरणं अवघड जातं.

सगळं बसवून झालं की सुरू करण्याआधी खोटी बुकिंगं टाकून बघा: पहाटे पाचचं, सूर्यास्त ओलांडणारं, तपासणीचे तास संपवणारं, मेडिकल संपलेल्या माणसाचं, आणि हवामानामुळे रद्द केलेलं. शेवटच्याचं बिल शून्य आलं नाही, तर यंत्रणा सुरू करू नका.