वाळूजला येताय? खोली बघण्याआधी एवढं वाचा

परभणी, हिंगोली, बीडकडून छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला कारखान्यात कामाला येणाऱ्या पोरांचे फोन बाराही महिने येतात. सोयाबीन निघालं की जास्तच. "काका, एखादी खोली बघून ठेवा." खोली मिळते हो, इथल्या छोट्या पंढरपुरात उतरून कुठल्याही किराणा दुकानात विचारलं तरी मिळते. अडचण पुढं आहे. इथल्या टोलेजंग इमारती, मोबाईलची दुकानं, दवाखान्यांच्या पाट्या बघून माणसाला वाटतं की आपण शहरात आलो. कागदावर मात्र यातलं बरंच अजून गावच आहे.

आधी पत्ता नीट पाठ करा. वाळूजलगतचं आपलं रांजणगाव म्हणजे रांजणगाव शेणपुंजी. पुण्याकडं, याच महामार्गावर, गणपतीचं रांजणगाव आहे आणि तिथंही एमआयडीसी, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहत आहे. पंढरपूरचंही तसंच. इथलं छोटं पंढरपूर. आषाढीला इथं एवढी गर्दी लोटते की नगर रोड माणसांनी भरून जातो. त्या दिवशी शिफ्ट असेल तर दोन तास आधी निघा किंवा सरळ सुट्टी टाकून दर्शनाला जा.

हे सगळं कसं उभं राहिलं ते माहीत असलं की पुढचं सोपं जातं. इथं ज्वारी, बाजरी, कपाशीची रानं होती. एमआयडीसीनं, म्हणजे सरकारच्या औद्योगिक विकास महामंडळानं, जमिनी घेतल्या, 1985 साली बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच्यामागं सुटे भाग बनवणारे कारखाने आले. पाणी जायकवाडीचं. कामगारांसाठी एमआयडीसीनं बजाजनगर आखलं, पण येणारी माणसं त्यात मावणारी नव्हती. मग रांजणगाव, जोगेश्वरी, पंढरपूर, वडगाव कोल्हाटीच्या शेतकऱ्यांनी उरल्यासुरल्या रानात खोल्या काढल्या. सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळानं तिसगाव-वडगावच्या बाजूला वाळूज महानगर वसवलं. म्हणून इथं चालत जाण्याच्या अंतरात तीन कारभारी आहेत. एका गल्लीचं पाणी एमआयडीसीचं, पलीकडच्या गल्लीला ग्रामपंचायतीचा नळ किंवा टँकर, नाल्यापलीकडं सिडको. नळ बंद पडला, दिवा लागला नाही, तर तक्रार कुणाकडं करायची हे खोली घेतानाच घरमालकाला विचारा. नाहीतर तिघंही तुम्हाला एकमेकांकडं पाठवत बसतील.

घरमालक बहुतेक जुना शेतकरीच असतो. आमचे पहिले मालक गोठ्याच्या जागेवर पत्र्याच्या दहा खोल्या काढून मागं दोन म्हशी राखून होते. सकाळी फर्स्ट शिफ्टचे लोक डबे घेऊन निघायच्या आत त्यांची धार काढून झालेली असायची. दूध आधी भाडेकरूंना, उरलं तर डेअरीला. दुधाचा आणि भाड्याचा हिशेब एकाच वहीत. भाड्याला चार दिवस उशीर झाला तर बोलायचे नाहीत, पण नळ चालू ठेवून कुणी गप्पा मारताना दिसलं की आवाज कोपऱ्यापर्यंत जायचा. अशा माणसाशी नीट वागलात तर मुलाच्या शाळेपासून रात्रीच्या दवाखान्यापर्यंत तोच उपयोगी पडतो.

तरी कागद करून घ्याच. भाडेकरार नोंदवलेला असावा, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिलेली असावी. मुलाला आरटीईतून (खाजगी शाळेतल्या मोफत राखीव जागेवर) शाळेत घालायचं म्हटलं की हाच करार मागतात. लाईटला सबमीटर असेल तर पहिल्या दिवशीच आकड्याचा फोटो काढून ठेवा. बोअरचं पाणी वापरायला ठीक. कारखान्यांच्या शेजारी आहोत, ते पिऊ नका. रेशनकार्ड गावाकडंच राहू द्या, इथल्या दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं. लेकरं आणि म्हातारी गावी असतील तर मात्र महिन्याचं धान्य कुणी कुठं उचलायचं ते घरात ठरवून ठेवा.

कामाचं थोडक्यात सांगतो. नाव मोठ्या कंपनीचं सांगतील आणि पगार ठेकेदार देईल. सहा-सात महिन्यांनी ब्रेकही मिळेल, म्हणजे कामावरून कमी करतील. ते तुमच्या हातात नाही, पण यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, एकच ठेवणं हातात आहे. प्रत्येक नवा ठेकेदार नवा नंबर काढू बघतो, त्याला जुना द्या. ब्रेक मिळाला की पीएफ काढून मोटारसायकल घ्यायची, ही इथली रीतच पडलीय. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते आणि दर वेळी सगळं काढून घेतलं की मोजणी परत एकपासून, हे कुणी सांगत नाही. ओव्हरटाईम कायद्यानं दुप्पट दरानं असतो. पगाराच्या चिठ्ठीत तो कसा दाखवलाय ते बघत जा. पेरणीला, काढणीला गावी जाणार असाल तर सुपरवायझरला आधी सांगा. तोही बहुतेक आपल्याकडचाच असतो, त्याला पेरणी कळते. न सांगता गेलेला माणूस कळत नाही.

आता प्लॉट. चार पैसे जमले की प्रत्येक जण इकडंच वळतो, म्हणून हे सगळ्यात नीट वाचा. बजाजनगरात आरएल, आरएम अशा अक्षरांनी सुरू होणारे पत्ते दिसतील. ते एमआयडीसीचे प्लॉट. जमीन एमआयडीसीची, ती 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलेली, आणि नाव बदलायला त्यांची परवानगी लागते. महाग पडतात, पण झोप शांत लागते. आसपासच्या गावांत मिळतात ते गुंठ्यावरचे प्लॉट. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. एकराचे 40 गुंठे पाडून, मध्ये मुरमाचा रस्ता टाकून विकतात. दाखवणारा एजंट उजव्या हाताला "इथं गार्डन होणार" म्हणतो. तिथं खरंच गार्डन आहे का, ते मंजूर लेआउटच्या नकाशावर बघा. जमीन एनए (बिगरशेती) झालीय का, सातबारावर किती जणांची नावं आहेत, बहिणींचे हक्क सुटलेत का, बँकेचा बोजा आहे का, हे सगळं विसार देण्याच्या आधी बघायचं. नुसत्या बाँडवर नोटरी करून मालकी मिळत नाही. हजार लोकांनी तसं घेतलं असलं तरी नाही. गायरानातला प्लॉट तर विकणाऱ्याचाच नसतो.

गुंठेवारी, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यानं पाडलेले प्लॉट, नियमित करायला 2001 चा कायदा आहे, 2021 साली त्याची मुदत वाढवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. एजंट हे सांगून तुम्हाला आजचा प्लॉट गळ्यात मारेल. आज पाडलेला प्लॉट त्यात कसा बसेल, एवढंच त्याला विचारा. खरेदीखत झालं की त्याच आठवड्यात तलाठ्याकडं फेरफाराला अर्ज द्या, ग्रामपंचायतीत नमुना 8 ला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, नाव लावा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.