घर बांधायचंय? मग परवानगीचं आधी बघा

प्लॉट झाला, पैशाची जुळवाजुळव झाली, गवंडी म्हणतो दिवाळीच्या आत जोतं वर काढून देतो, परवानगीचं काय, होईल नंतर. हे सगळीकडे ऐकू येतं आणि खरंच सांगतो, अजिबात ऐकू नका. सीसी म्हणजे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय जेसीबी बोलवायचा नाही. विनापरवाना काम दिसलं की एमआरटीपी म्हणजे प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ च्या कलम ५३ ची नोटीस येते, पाडायची वेळ आली तर तो खर्चही आपल्याकडूनच वसूल करतात, आणि मंजूर नकाशा नसेल तर बँक होमलोनला उभं करत नाही ते वेगळंच.

खाली लिहितोय ते मुंबई सोडून बाकी महाराष्ट्राचं. मुंबईची नियमावली वेगळी आहे, बाकी बहुतेक ठिकाणी डिसेंबर २०२० पासून एकच नियमावली आहे, तिला सगळे युडीसीपीआर म्हणतात.

लोक पहिल्यांदा प्लॅन काढायला धावतात, पण सुरुवात जमिनीच्या कागदांपासून करा. महाभूमीच्या पोर्टलवर १५ रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा मिळतो, शहरात असाल तर प्रॉपर्टी कार्ड काढा. सातबाऱ्यावर नुसतं नाव आणि क्षेत्र बघून घडी घालून ठेवू नका, इतर अधिकाराचा रकाना नीट वाचा, कारण बँकेचा बोजा, कुळाचं नाव, पुनर्वसनासाठी संपादनाचा शेरा असलं सगळं तिथेच लिहिलेलं असतं. भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारच्या अटी असलेली जमीन, असेल तर आधी तहसीलला जाऊन काय परवानगी लागते ते विचारा. सामायिक सातबारा असेल तर भावाबहिणींची संमती लेखी घ्या, तोंडी "बांध रे तू" याला ऑफिसात काही किंमत नाही.

मग मोजणी. भूमी अभिलेखकडे अर्ज करा, फी भरा, तारीख मिळते, शेजाऱ्यांना नोटीस जाते. मोजणीदार येईल त्या दिवशी स्वतः हजर राहा, शेजाऱ्यालाही आग्रहाने बोलवा, खुणा झाल्या की लगेच तिथे दगड रोवा आणि सगळ्यांसमोर फोटो काढा, कारण चुन्याची रेघ एका पावसात जाते आणि मग भिंत एक फूट इकडे की तिकडे यावरून वर्षानुवर्षं भांडणं चालतात. मोजणी नकाशाची क प्रत फाईलला लागतेच.

झोन दाखला त्याचवेळी काढून घ्या. रहिवासी झोन आहे का, डीपी म्हणजे विकास आराखड्यातला रोड प्लॉटमधून जातोय का, काही आरक्षण आहे का ते त्यावर कळतं. नदीकाठच्यांनी पूररेषा बघितल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकू नये, २०१९ मधे कोल्हापूर-सांगलीला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. निळ्या, म्हणजे नदीला जवळच्या पूररेषेच्या आत नवीन बांधकामाला परवानगी मिळत नाही, निळ्या आणि तिच्या बाहेरच्या लाल रेषेच्या मधे असाल तर जोतं उंच घ्यायची अट येते. एनएचे, म्हणजे जमीन बिगरशेती करायचे नियम आता बरेच सोपे झालेत, तरी तुमच्या प्लॉटला सनद, म्हणजे बिगरशेती वापराचा दाखला, लागते का ते तहसीलला विचारून ठेवा. गुंठेवारीचा, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यांनी पाडून विकलेला तुकडा असेल तर नियमितीकरण आधी, बाकी सगळं नंतर.

एवढं झालं की लायसन्स असलेला आर्किटेक्ट किंवा इंजिनिअर धरा, तो ऑनलाइन फाईल टाकतो, छाननी होते, त्रुटी निघतात, मग चलन येतं. त्यात विकास शुल्क असतं, आणि १% कामगार उपकर असतो, पण स्वतःच्या राहण्याचं घर ठरवून दिलेल्या मर्यादेच्या आतल्या खर्चाचं असेल तर हा उपकर लागत नाही, तेवढं चलनात तपासून घ्या.

लहान प्लॉटवाल्यांना मोठी सवलत आहे. १५० चौरस मीटरपर्यंत नियमात बसणारे नकाशे आणि कागद जमा करून शुल्क भरलं की ती पोच हीच परवानगी धरतात, १५० ते ३०० पर्यंत १० दिवसांत परवानगी द्यायची आहे. याचा अर्थ कसंही बांधा असा नाही हं! सामासिक अंतर (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा), एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम चालतं ते), उंची सगळं तसंच लागू असतं आणि खोटं दाखवलं तर मालक आणि सही करणारा इंजिनिअर दोघंही अडकतात.

सीसी मिळाली की वर्षाच्या आत काम सुरू करा, नाहीतर मुदत संपायच्या आधी नूतनीकरण करावं लागतं. मंजूर नकाशाची एक प्रत साईटवर ठेवा आणि गवंड्याला त्यावरच काम करायला लावा. मधेच जिना फिरवावासा वाटला, खोली वाढवावीशी वाटली तर इंजिनिअरला विचारून सुधारित नकाशा टाका, कारण शेवटी भोगवटा प्रमाणपत्राच्या, म्हणजे घर वापरायला परवानगी देणाऱ्या दाखल्याच्या वेळी जागेवर टेप लावून मोजतात आणि जास्तीची गॅलरी तिथेच सापडते.