नेवरीची मुरड आणि मेंदूच्या चकत्या

चवथीला फोंड्याला घरी गेले की शेजारपाजारची एखादी पोरगी येतेच. 'ताई, मला पण मेंदूवर संशोधन करायचंय.' मी आधी विचारते, नेवरीला, म्हणजे करंजीला, मुरड नीट घालता येते का? तिला वाटतं मी थट्टा करतेय. पण मेंदूच्या चकत्यांनाही तसाच हलका हात लागतो.

मोठ्या वयात मेंदूत नवे न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, तयार होतात, हे मला ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात, एम.एस्सी. झूलॉजी करताना एका तासात शिकवलं होतं. 1965 मध्ये जोसेफ आल्टमन आणि गोपाल दास यांनी उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मरणाशी जोडलेल्या भागात, ते दाखवलं. बरीच वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. 1998 मध्ये माणसातही पुरावा मिळाला. वहीत चार ओळी झाल्या, संपलं.

खरं शिक्षण पीएच.डी.ला मुंबईत सुरू झालं. उंदराच्या मेंदूची 40 मायक्रॉन जाडीची चकती पाण्यात तरंगते, ती बारीक ब्रशने अलगद उचलून काचेवर पसरायची. बीआरडीयू, म्हणजे नव्याने तयार झालेल्या पेशींची खूण, बघायची तर चकती आधी आम्लात ठेवावी लागते, मग ती भिजल्या पापडासारखी लिबलिबीत होते. पहिले सहा महिने माझ्या निम्म्या चकत्या फाटल्या. नंतर फाटायच्या थांबल्या, तर एका खेपेला डबलकॉर्टिन, म्हणजे कोवळ्या न्यूरॉनची खूण, दिसेचना. उंदीर म्हातारे झाले म्हणावं तर तसंही नव्हतं. मेंदू टिकवायच्या फॉर्मालिनसारख्या द्रावणात ते नको तितके दिवस राहिले होते. चूक माझीच, सुट्टीवर आले होते.

म्हणूनच 2018 मध्ये महिनाभराच्या अंतराने दोन शोधनिबंध आले, एक म्हणे प्रौढ माणसात नवे न्यूरॉन सापडत नाहीत, दुसरा म्हणे म्हातारपणीही सापडतात, तेव्हा मी आधी ऊतक कसं जपलं ते वाचलं. पुढच्याच वर्षी माद्रिदच्या गटाने दाखवलं की जास्त काळ द्रावणात ठेवलं की ही खूण फिकी पडत जाते. बातम्यांत हे कुठे येतं? वाद अजून मिटलेला नाही.

बाकी वाट सरळ आहे. बी.एस्सी. कुठल्याही जीवशास्त्राची चालते. तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप जरूर भरा, संशोधनासाठी शिष्यवृत्ती देणाऱ्या नेट-जेआरएफ परीक्षेची तयारी लवकर धरा. आणि त्या उन्हाळ्यातच एकदा मेंदू टिकवण्यासाठी उंदराला भूल देऊन हृदयातून द्रावण सोडतात, तेव्हा तिथे उभ्या राहा. माझ्यासोबतची एक मैत्रीण पहिल्याच दिवशी बाहेर पडली. आता ती संगणकावर मेंदूचे विद्युतसंकेत वाचते, आणि पगार माझ्यापेक्षा जास्त घेते.